पावसाळी प्रवासात रोजचा एक फोटो: सवय टिकवायची कशी, पाऊस टिपायचा कसा

रोज एक फोटो काढायचा असं ठरवलेली माणसं पुष्कळ असतात. घरी असताना ते जमतंही. प्रवासाला निघालं की गाडं अडतं, आणि त्यात पाऊस लागला की कॅमेरा जो बॅगेच्या तळाशी जातो तो घरी परतल्यावरच बाहेर येतो. दिवसाची घडी विस्कटलेली असते, हात सामानात अडकलेले असतात, कॅमेरा भिजायची धास्ती असते आणि वर आकाश पांढरंफटक. "आज उजेडच नाही" म्हणून तो दिवस सोडून दिला जातो. पाठोपाठ दुसराही.

माझं मत अगदी उलट आहे. निसर्गाचे फोटो काढायला पावसाळी दिवसासारखा दिवस नाही. रखरखीत उन्हात डोंगर भर दुपारी तासन्‌तास एकसारखाच दिसतो. पावसात तोच डोंगर दर पाच मिनिटांनी बदलतो: आधी अर्धा ढगात, मग पूर्ण गायब, मग फक्त माथा वर. जागा न बदलता इतकी चित्रं दुसऱ्या कुठल्याही हवेत मिळत नाहीत. अट एकच, की कॅमेरा हाताशी हवा आणि तो उचलायची सवय हवी. म्हणून सुरुवात सवयीपासून करू.

सवय लहान ठेवा, पण जागेवर ठेवा

जेमी लिव्हिंग्स्टन या अमेरिकी छायाचित्रकाराने ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंत, रोज एक पोलरॉइड फोटो काढला. साडेअठरा वर्षं. त्यातले कितीतरी फोटो साधेच आहेत: मित्रमंडळी, खोली, रस्ता. रोज उत्तम फोटो काढायची अट त्याने घातली असती तर पहिल्याच वर्षी हे थांबलं असतं, असं मला ते फोटो पाहताना नेहमी वाटतं. दिवसाला एक, एवढाच नियम पुरतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयींवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. रोजची नवी कृती आपसूक व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, मधे एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडलं नाही. दोन, प्रत्येकाने आपली कृती दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधली होती.

प्रवासात नेमकी ही दुसरी गोष्ट सुटते. घरी सकाळच्या चहानंतर गच्चीवर जाऊन फोटो काढत असाल, तर प्रवासात ना ती गच्ची असते, ना ती वेळ. म्हणून निघण्यापूर्वीच अशी घटना निवडा जी तुमच्याबरोबर फिरते. बूट घालून दाराबाहेर पाऊल टाकणं, गाडीचा पहिला थांबा, मुक्कामी पोचून बॅग खाली ठेवणं. यांपैकी कुठलीही चालेल. माझा कौल सकाळला. बाहेर पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एक फोटो, समोर काहीही असो. तो निघाला की दिवसाचं काम झालं आणि पुढे मिळेल तो सगळा फायदा. रात्रीवर ठेवलेला फोटो थकव्याच्या तोंडी जातो.

आणखी तीन गोष्टी आधीच ठरवून टाका, म्हणजे भिजल्या कपड्यांनी स्वतःशी वाद घालावा लागत नाही. मोबाइलवरचा फोटो धरायचा का? धरायचा. खोलीतून काढलेला चालेल का? चालेल. दिवसाचा फोटो कधी निवडायचा? त्याच रात्री. या तिसऱ्या गोष्टीत कुचराई करू नका. नुसतं काढत राहून डोळा तयार होत नाही. दहातला एक निवडताना होतो.

दुसऱ्या देशात जात असाल तर कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेवर लावा, नाहीतर कुठला फोटो कुठल्या दिवसाचा याचा गोंधळ होतो. विसरायची भीती असेल तर पोचल्या पोचल्या मोबाइलच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवा. दोन्ही वेळांतला फरक त्यावरून कळतो आणि नंतर सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते.

बॅग भरताना

पावसात नव्या लेन्सपेक्षा कोरडं फडकं जास्त कामाला येतं. लेन्स पुसायची मायक्रोफायबरची फडकी निदान चार घ्या आणि वेगवेगळ्या खिशांत, झिप असलेल्या छोट्या पिशव्यांत ठेवा. एक फडकं दोन सरींत ओलं होतं आणि ओलं फडकं काचेवर पाणी पसरवण्याखेरीज काही करत नाही. कॅमेऱ्याची बॉडी टिपायला हातपुसणीएवढा सुती टॉवेल वेगळा ठेवा. तोच टॉवेल लेन्सला लावू नका, त्यात कण अडकलेले असतात.

लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची पुढे आलेली कड, कायम लावलेलाच असू द्या. उन्हासाठी तो असतोच, पण पावसात काचेवरचे निम्मे थेंब तोच अडवतो. कॅमेऱ्यासाठी विकत मिळणारं रेनकव्हर चांगलं, पण जाडसर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवीही तेच काम करते: तळाला भोक पाडायचं, त्यातून लेन्स बाहेर काढायची, हूडच्या भोवती रबरबँड बसवायचा आणि उघड्या तोंडातून हात आत घालायचा. खाली ओघळणारं पाणी लेन्स आणि बॉडीच्या जोडावर थांबणार नाही एवढं पाहा.

"वेदर सीलिंग" असलेला, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून जोड बंदिस्त केलेला कॅमेरा असेल तरी तो भिजवायचा परवाना समजू नका. बॉडीला सीलिंग आणि लेन्सला नसेल तर पाणी जोडातून जातं. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स ओली असताना आत ओढली की नळीवरचं पाणीही आत जाण्याचा धोका असतो. आधी पुसा, मग झूम करा. मोबाइलवर आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी नव्या फोनवर, गोड्या पाण्यात झालेली असते. पडलेला, वर्षानुवर्षं वापरलेला फोन तितका घट्ट राहत नाही, आणि समुद्राच्या खाऱ्या तुषारांचा हिशोब त्यात धरलेला नसतो.

छत्री घ्या, पण काळी, पांढरी किंवा पारदर्शक. लाल किंवा निळ्या छत्रीखालून जवळचं पान, दगड किंवा चेहरा टिपला की छत्रीचा रंग त्यावर उतरतो आणि नंतर तो काढणं जिकिरीचं होतं. चालताना मात्र रेनकोटच बरा. दोन्ही हात मोकळे राहतात.

कुठला पाऊस आहे ते आधी पाहा

सगळा पाऊस एकसारखा नसतो आणि प्रत्येकाचा फोटो वेगळा. मळभ दाटून दिवसभर भुरभुरणारा पाऊस असेल तर उजेड मऊ आणि स्थिर असतो. जंगल, झरे, शेवाळलेले दगड, झाडांची खोडं यांच्यासाठी याहून चांगला उजेड नाही. सावल्या नसतात, त्यामुळे झाडीच्या आतलं आतलंही दिसतं. अशा दिवशी घाई करायचं कारण नाही.

सरींचा पाऊस असेल, म्हणजे वीस मिनिटं धो-धो आणि मग उघडीप, तर दिवस सरीच्या कडांभोवती आखा. सर येण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं, जेव्हा एका बाजूला आभाळ शाईसारखं काळं आणि दुसरीकडे ऊन असतं; आणि सर गेल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं, जेव्हा जमीन चकाकत असते आणि दरीतून वाफ वर येते. भर सरीत आडोशाला थांबलात तरी काही बिघडत नाही. त्या कडेला मात्र बाहेर उभं असायला हवं. यासाठी हवामान खात्याचं किंवा मोबाइलवरचं पावसाचं रडार पाहायची सवय लावा. "उद्या पाऊस" एवढ्या अंदाजाने काही कळत नाही. रडारवर ढगांचा पट्टा कुठल्या बाजूने सरकतोय, मागचा काठ किती लांब आहे, हे दिसतं. पट्ट्याचा मागचा काठ आणि सूर्यास्ताची वेळ जुळत असेल तर त्या संध्याकाळी बाकी सगळी कामं बाजूला ठेवा.

इंद्रधनुष्याचाही असाच हिशोब करता येतो. सूर्य पाठीशी आणि पाऊस समोर हवा. आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेपासून ४२ अंशांवर कमान दिसते, त्यामुळे सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल तर सपाट जमिनीवरून ती दिसतच नाही. सकाळी आणि संध्याकाळीच शोधायची. सूर्य जितका खाली, कमान तितकी उंच. सूर्य मावळतीला टेकल्यावरची पूर्ण कमान एका फ्रेममध्ये मावायला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २० मिलिमीटरहून कमी फोकल लेंग्थ, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स लागते; मोबाइलवर अल्ट्रावाइड लेन्स वापरा. मुख्य कमानीच्या बाहेर दुसरी फिकट कमान, उलट्या रंगांची, दिसते का तेही बघा.

कॅमेरा कसा लावायचा

आता मुख्य कामाकडे. पावसात कॅमेऱ्याचा मीटर चकतो आणि दोन्ही बाजूंना चकतो. समोर जे आहे ते मध्यम राखाडी आहे असं मानून तो उजेड मोजतो. धुक्याने भरलेली दरी त्याला जास्त उजळ वाटते, म्हणून तो फोटो काळवंडून टाकतो आणि पांढरं धुकं मळकट दिसतं. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची +/− सोय) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक स्टॉप करा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. उलट, ओलं काळं कातळ किंवा गर्द झाडी फ्रेमभर असेल तर कॅमेरा ती उगाच उजळवतो आणि पावसाचा सगळा गडदपणा जातो. तिथे उणे एक-तृतीयांश ते उणे दोन-तृतीयांश. मोबाइलवर ज्यावर फोकस हवा तिथे बोट दाबून धरा, कुलूप लागलं की बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. स्क्रीन ओली असेल तर स्पर्श भलतीकडेच लागतो. तेव्हा फोटो आवाजाच्या बटणाने काढा.

जमत असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, ठेवा. ढगांतल्या करड्या छटा आणि झाडीतला काळोख दोन्ही सांभाळायला तिच्यात जागा असते. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांची उबदार-गार छटा) नंतरही बदलता येतो, पण जेपेग, म्हणजे नेहमीची तयार फाइल, काढत असाल तर ढगाळ हवेचा पर्याय निवडताना जरा थांबा. तो चित्र पिवळसर, उबदार करतो. पावसाची निळसर, गार छटा हवी असेल तर डेलाइटवरच राहू द्या.

खुद्द पाऊस फोटोत दिसावा असं वाटत असेल तर दोन गोष्टी लागतात: मागे गडद काहीतरी आणि योग्य शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते. पांढऱ्या आकाशासमोर धारा दिसत नाहीत; काळ्या झाडीसमोर, उघड्या दारातल्या अंधारासमोर, डोंगराच्या सावलीतल्या बाजूसमोर दिसतात. उजेड मागून किंवा बाजूने येत असेल तर आणखी चांगलं. शटरचं गणित सोपं आहे. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो. १/६० सेकंदात तो दहा-अकरा सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे फोटोत लांबट रेघ उमटते. १/१२५ ला रेघ निम्मी होते. १/१००० ला जेमतेम सहा-सात मिलिमीटर, म्हणजे थेंब हवेत टांगल्यासारखा. मला रेघा आवडतात आणि १/६० ते १/१२५ च्या मधे मन रमतं. शटर फार सावकाश केलं, सेकंदभर वगैरे, तर धारा विरून जातात आणि उरतो नुसता पांढरट पडदा. तोही कधी हवासा वाटतो, पण मग पाऊस शोधू नका, धुकंच मिळेल.

नाइलाजाने फ्लॅश वापरलात तर जवळचे थेंब मोठमोठे पांढरे गोळे होऊन उमटतात. अंधारात तो परिणाम मुद्दाम हवा असेल तरच वापरा. मोबाइलचा फ्लॅश बंदच करून टाका.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं करायला पाव सेकंद ते एक सेकंद शटर आणि ट्रायपॉड लागतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पुराच्या गढूळ, उसळत्या पाण्याला ते शोभत नाही. त्याचा सगळा जोर निघून जातो. तिथे १/८ ते १/१५ वर पाण्याची ओढही दिसते आणि पोतही राहतो. डबक्यात पडणाऱ्या थेंबांची वर्तुळं हवी असतील तर १/२५० किंवा त्याहून वेगवान.

फिल्टर एकच घ्यायचा तर पोलरायझर घ्या. ओल्या पानांवरची, दगडांवरची पांढरी चमक तो काढून टाकतो आणि खालचा रंग वर येतो. पाण्याच्या पृष्ठभागाकडे साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं तर त्याचा परिणाम सर्वांत जास्त. त्याच्यामुळे एक ते दोन स्टॉप उजेड कमी होतो, म्हणून पावसाळी दिवसात हातात धरून काढताना आयएसओ (उजेडाला प्रतिसाद देण्याची कॅमेऱ्याची क्षमता) वाढवावा लागतो. वाढवा, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो चांगला. मात्र ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब हवं असेल तेव्हा पोलरायझर काढून ठेवा. इंद्रधनुष्य टिपताना तर तो जपून फिरवा: एका बाजूला फिरवला की कमान खुलते, पाव फेरी पुढे गेला की कमानच पुसली जाते.

फ्रेममध्ये काय घ्यायचं

पांढरं आकाश फ्रेममध्ये घेऊ नका. पावसाळी फोटो फसण्याचं सगळ्यांत मोठं कारण तेवढंच आहे. ढगांना आकार असेल, थर असतील, कडा असतील तर घ्या. सपाट पांढरा कागद असेल तर कॅमेरा खाली झुकवा. आकाश गेलं की ओल्या जमिनीकडे लक्ष जातं, आणि पावसात खरी मजा जमिनीवरच असते. पाण्याचा पातळ थर दगडावर, मातीवर, सालीवर बसला की आत शिरलेला उजेड तिथल्या तिथे अडकतो आणि कमी परत येतो. म्हणून ओली वस्तू गडद दिसते आणि तिचा रंग दाट वाटतो. कोरड्यात राखाडी असणारं खोड पावसात जवळजवळ काळं होतं आणि त्यावरचं शेवाळ पोपटी पेटतं. त्या दोन रंगांवर एक पूर्ण सकाळ घालवता येते.

धुक्यात खोली दाखवायची तर थर मोजा. जवळ एक गडद वस्तू, झाड किंवा कातळ, मधे फिकट, मागे त्याहून फिकट. जवळचं गडद काही नसेल तर धुक्याचा फोटो नुसता राखाडी पट्टा होतो. इथे लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स रुंद दृश्य घेणाऱ्या वाइडपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ती थर एकमेकांवर आणून ठेवते. नंतर एडिटिंगमध्ये डीहेझची पट्टी ओढून धुकं साफ करायचा मोह होतो. धुकं असलेलाच फोटो काढलाय, ते राहू द्या.

आता एक प्रसंग सविस्तर घेऊ. समजा, डोंगररस्त्यावर एका वळणाशी गाडी थांबली आहे, सर नुकतीच ओसरली आहे आणि तुमच्याकडे पंधरा मिनिटं आहेत. समोर दरी ढगाने भरलेली. काही दिसत नाही. सोबतची माणसं "काही दिसत नाही" म्हणून परत गाडीत बसतात. तुम्ही तिथेच थांबा. आधी लेन्स पुसा आणि हूडसकट कॅमेरा जमिनीकडे झुकवून धरा, वाऱ्याकडे पाठ करा. ढग हलतोय का ते पाहण्यासाठी एखादं जवळचं झाड नजरेत धरा; त्याची बाहेरची फांदी फिकट-गडद होत असेल तर ढग सरकतो आहे. त्या झाडावरच फोकस लावून ठेवा आणि ऑटोफोकस बंद करा, कारण नुसत्या ढगावर तो पुढे-मागे शोधत बसतो. एक्स्पोजर अधिक दोन-तृतीयांश. मग वाट पाहा. ढग विरतो तो सहसा एका कोपऱ्यातून, आणि पलीकडच्या उताराचा एखादा तुकडा दिसतो: दोन शेतं, एक छप्पर, पाण्याची एक पांढरी रेघ. नेमका तोच फोटो. सगळी दरी उघडी पडेपर्यंत थांबलात तर दरीचा फोटो मिळेल, पण तो कोरड्या दिवशीही मिळाला असता. अर्धं झाकलेलं, अर्धं दिसलेलं हे पावसाचंच देणं आहे.

ढग हललाच नाही तर? तर खाली पाहा. कठड्याला लोंबणारा थेंब असतो, त्यात अख्खी दरी उलटी होऊन बसलेली असते. जवळ जा, फोकस थेंबाच्या कडेवर न धरता आतल्या उलट्या चित्रावर धरा, लेन्सचं छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवा (आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) आणि श्वास रोखून पाच-सहा फोटो लागोपाठ घ्या. थेंब वाऱ्याने हलतो, एखादाच स्पष्ट येतो. कुंपणाची तार, गवताचं पातं, कोळ्याचं जाळं, सगळीकडे हेच शोधता येतं.

खिडकीतून

प्रवासाचा मोठा भाग काचेआडच जातो, म्हणून खिडकी नीट वापरायला शिका. बाहेरचं दृश्य हवं असेल तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, भोवती गडद जॅकेट किंवा हाताची ओंजळ धरा म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. काचेला घट्ट दाबू नका, गाडीची थरथर कॅमेऱ्यात उतरते. जवळची झाडं १/१००० लाही फरफटतात. लांबचा डोंगर १/२५० लाही स्थिर येतो. तेव्हा लांबचं पाहा, किंवा फरफट मुद्दाम घ्यायची तर १/३० वर जा. मधलं काही करू नका.

काचेवरचे थेंबच विषय असतील तर उलट करा: दोन हात मागे या, छिद्र मोठं उघडा, एफ/२.८ किंवा असेल तेवढं, आणि फोकस हाताने थेंबांवर धरा. मागचे दिवे, झाडं विरघळून रंगांचे डाग होतात. गाडी चालवणाऱ्याने यांतलं काही करायचं नाही, फोटोसाठी मोबाइल हातात घ्यायचा नाही.

आणि पाऊस इतका लागला की खोलीबाहेर पडताच येत नाही, तेव्हा जोसेफ सुडेकची आठवण ठेवा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या या छायाचित्रकाराने १९४० ते १९५४ या काळात प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो पुन्हा पुन्हा काढले: दव साचलेली काच, ओघळणारं पाणी, बाहेरचं वाकडं झाड. तुम्हाला तर एका दिवसाचीच खिडकी सांभाळायची आहे. सकाळी, दुपारी, दिवे लागताना असा तीनदा एकाच जागेवरून काढा आणि रात्री त्यातला एक ठेवा.

जिवाला जपा

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पडण्याच्या टप्प्यात तुम्ही आहात. ट्रायपॉड मिटा, उघडा माथा आणि एकटं झाड सोडा, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत बाहेर येऊ नका. कार्बन फायबरचा ट्रायपॉडही वीज वाहून नेतो, तो धातूचा नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

ओढ्याच्या मधल्या दगडावर उभं राहून धबधबा टिपायचा असेल तर आधी वर पाहा. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या खोऱ्यात कोसळत असेल तर पाणी अचानक वाढतं. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की सामान आवरत बसू नका, आधी काठावर या. वेगाने वाहणारं पंधरा सेंटिमीटर पाणीही उभ्या माणसाचे पाय उपटतं. ओल्या शेवाळी दगडावर कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनकडे बघत चालू नका. थांबा, पाहा, मग चाला.

रात्रीचा अर्धा तास

बाहेर दमट उकाडा आणि खोलीत एसी असेल तर दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्यावर बॅग लगेच उघडू नका. गार झालेला कॅमेरा दमट हवेत नेला की काचेवर वाफ धरते. बंद बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. वाफ धरलीच तर पुसत बसू नका आणि लेन्स काढूही नका, वाफ आत जाते. थांबलं की आपोआप उडते.

कॅमेरा टॉवेलने टिपा, बॅटरी आणि कार्डाचं झाकण कोरडं झाल्याशिवाय उघडू नका. मग बॅटरी चार्जिंगला, फोटोंची एक प्रत मोबाइलवर किंवा डिस्कवर, आणि ओली बॅग उघडी करून पंख्याखाली. कॅमेरा तिच्यात परत ठेवू नका. समुद्रकाठी होतात तर किंचित ओल्या फडक्याने आधी मीठ पुसून काढा. फोनचं पोर्ट ओलं असेल तर चार्जर लावू नका. तांदळात पुरूनही काही साधत नाही, उलट बारीक कण पोर्टमध्ये शिरतात.

लांबच्या पावसाळी प्रवासानंतर लेन्स कोंदट कपाटात तशाच ठेवल्या की काचेत बुरशी धरते आणि एकदा मुरलेली बुरशी काचेवर कायमचे डाग ठेवते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या ताज्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली म्हणजे झालं.

सामान मार्गी लागलं की दिवसाचा फोटो निवडा. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. खाली एक ओळ लिहा: कुठे, किती वाजता, पाऊस कसा होता. "भुरभुर, वारा डावीकडून, १/६० वर धारा दिसल्या" अशी. ही ओळ पुढच्या वेळी कुठल्याही मार्गदर्शक लेखापेक्षा जास्त कामाला येते, कारण ती तुमच्या कॅमेऱ्याची आणि तुमच्या हाताची असते.

कंटाळा आला, दिवस चुकला

चौथ्या-पाचव्या दिवशी सगळे फोटो एकसारखे वाटायला लागतात: धुकं, झाड, धुकं, झाड. तेव्हा त्या दिवसापुरती एक अट घालून घ्या. आज फक्त उभी फ्रेम. आज फक्त पागोळ्या. आज माणूस असलेलाच फोटो, छत्रीखालचा, पाठमोरा, कसाही. माणूस आला की दरीला मोजमाप मिळतं, आणि पावसात माणसं उन्हातल्यासारखी पोज देत उभी राहत नाहीत, आपापल्या कामात असतात. आज फक्त कृष्णधवल. करड्या दिवसाला रंगाशिवाय काही कमी पडत नाही. आज अंधार पडल्यावरच. ओला रस्ता दिव्यांचे रंग खाली ओढून घेतो आणि दिवे लागल्यानंतरचा पाऊण तास, आकाश निळं असेपर्यंत, फार देखणा असतो.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करू नका, आदल्या दिवसाची तारीखही टाकू नका. ती जागा रिकामी ठेवा आणि सकाळी बूट घातले की नेहमीचा एक फोटो काढा. लागोपाठ दोन दिवस चुकले तर मात्र अट जड झाली आहे असं समजा आणि ती आणखी हलकी करा: आठवडाभर फक्त मोबाइल, फक्त दारातून.

घरी परतल्यावर रोजचे ते एकेक फोटो तारखेनुसार ओळीने लावून पाहा, चांगल्या-वाईटाची छाननी न करता. मग त्यातले पाच-सहा निवडून पोस्टकार्डाच्या आकारात छापून घ्या. ओल्या काळ्या छटा स्क्रीनवर ठीक वाटतात आणि कागदावर बुजतात, म्हणून छापायला देताना फोटो किंचित उजळ करून द्या आणि गुळगुळीत चकाकत्या कागदाऐवजी मॅट कागद मागा.